वनस्पतिजन्य ऊष्मादृढ प्लॅस्टिक

वनस्पतिजन्य ऊष्मादृढ प्लॅस्टिक म्हणजे खनिज तेलाऐवजी पूर्णतः किंवा अंशतः वनस्पतींपासून मिळवलेल्या रेझिनांचे थर्मोसेट प्लॅस्टिक होय. बेकेलाइट व इपॉक्सी ही ऊष्मादृढ प्लॅस्टिकची परिचित उदाहरणे आहेत. रेझीन पक्के होताना त्याचे रेणू आडव्या रासायनिक बंधांनी जोडले जाऊन एकसंध जाळे बनते. हे जाळे उष्णतेला व विद्रावकांना दाद देत नाही; परंतु त्याच कारणाने ते पुन्हा वितळवताही येत नाही. आयुष्य संपलेली पवनचक्क्यांची पाती अमेरिकेत जमिनीत पुरावी लागली, ती यामुळेच. ठिसूळपणा हा या प्लॅस्टिकचा दुसरा दोष आहे.

चिवटपणा

सोयाबीन किंवा जवसाच्या तेलातील दुहेरी बंधांवर ऑक्सिजन जोडून इपॉक्सी गट तयार करतात. मेदाम्लांच्या लांब, लवचीक साखळ्या ताण शोषून घेतात व तडा पसरण्यास अडथळा करतात. मात्र हे गट साखळीच्या मध्यभागी असल्याने त्यांची अभिक्रिया मंद होते आणि केवळ तेलापासून बनलेले प्लॅस्टिक मऊ राहते. म्हणून ते सहसा नेहमीच्या इपॉक्सीत मिसळतात. तेलाचे प्रमाण वाढवले की ताठपणा व उष्णतारोधकता घटते. ही तडजोड अद्याप पूर्णपणे टळलेली नाही.

काजूच्या टरफलातील तेल या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. कोकण व गोव्यातील काजूप्रक्रियेत ते उपपदार्थ म्हणून निघते, खाण्याच्या उपयोगाचे नसते आणि टरफले फोडणाऱ्यांच्या हातांना फोड आणते. ते तापवल्यावर त्यातील ॲनाकार्डिक आम्लापासून कार्डेनॉल मिळते. कार्डेनॉलच्या रेणूतील फिनॉलचे वलय ताठपणा देते, तर 15 कार्बन अणूंची साखळी लवचीकता देते. ब्रेकच्या अस्तरांत त्याचा वापर जुनाच आहे.

स्वयंदुरुस्ती

2001 मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी दुरुस्तीचे द्रव्य भरलेल्या सूक्ष्म कुप्या इपॉक्सीत मिसळल्या. तडा गेला की कुपी फुटून द्रव्य तड्यात घट्ट होते. ते द्रव्य खनिज तेलजन्य होते. पुढे रंगलेपांसाठी कुप्यांत जवसाचे तेल वापरले गेले, कारण ते हवेच्या संपर्कात आपोआप सुकते. प्रत्येक कुपी एकदाच उपयोगी पडते.

व्हिट्रिमर या प्रकारात मात्र दुरुस्तीची क्षमता जाळ्यातच असते. लुडविक लीब्लर व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये पॅरिसमध्ये याचे वर्णन केले. पुरेशा उष्णतेला यातील एस्टर बंध जागा बदलतात, पण बंधांची एकूण संख्या कायम राहते. त्यामुळे तडा सांधतो आणि वस्तूला नवा आकारही देता येतो. 2013 मध्ये इपॉक्सीकृत सोयाबीन तेल व सायट्रिक आम्ल यांपासून, बाहेरचा उत्प्रेरक न घालता, असे स्वयंदुरुस्त होणारे जाळे बनवण्यात आले. तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकणे मात्र आवश्यक असते.

वनस्पतिजन्य प्लॅस्टिक जैवविघटनशील असतेच असे नाही. ते जाळ्याच्या रचनेवर अवलंबून असते, कच्च्या मालावर नव्हे.