शहरातली नदी, पूर आणि मोहल्ल्याचे काम

अंबाजोगाई, म्हणजे निजामाच्या काळातले मोमिनाबाद, बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आहे. डोंगरावर पूर कसला, असे आपल्याला वाटते. पण शहरातून जयवंती (जयंती) नदी वाहते. अशा छोट्या नद्या उन्हाळ्यात आटतात आणि लोक त्यांना नाला समजू लागतात. कचरा, बांधकामाचा राडारोडा पात्रात पडतो, घरे काठावरून आत सरकतात. मग जोराचा पाऊस झाला की पाण्याला वाटच उरत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला असाच पूर आला. नुसता ओढा, पण भिंती पडल्या, माणसे दगावली.

लोक एकत्र आले तर काय होते, हे चिपळूणने दाखवले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या पुरात तिथली बाजारपेठ बुडाली. पाणी ओसरल्यावर नागरिकांनी चिपळूण बचाव समितीच्या वतीने डिसेंबरमध्ये साखळी उपोषण सुरू केले. मुख्य मागणी एकच, नदीतला गाळ काढा. त्यानंतर सरकारने काम हाती घेतले, नाम फाउंडेशनही मदतीला आले.

नदीकाठी घर किंवा प्लॉट घेताना दोन रेषा माहीत हव्यात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधणे म्हणजे पाण्याच्या वाटेत बिऱ्हाड थाटणे.

पूर आला की आपले तरुण धावून जातात, खाना शिजतो, मशिदीचे दरवाजे उघडतात. हीच मेहनत पुराच्या आधी का नको? आम्ही शिक्षक म्हणून तीन कामे सुचवतो:

• मे महिन्यातच गल्लीतली गटारे आणि पुलाखालचा कचरा पाहून नगरपरिषदेला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.
• राडारोडा नदीत टाकू नये, असे जुम्याच्या नमाजनंतर सांगावे.
• काठावरच्या घरांतले वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांची यादी ठेवावी. रात्री पाणी चढले तर कुणाला आधी हलवायचे, हे ठरलेले असावे.

गाळ मशीन काढते. तो पुन्हा साचू न देणे मात्र काठावरच्या माणसांच्याच हातात आहे.