पोट उघडून पाहण्याचा काळ : स्वादुपिंडाच्या कर्करोगाची एक कथा

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेले असते. त्यातील गाठ कितपत पसरली आहे, हे विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात एकाच मार्गाने कळत असे : पोट उघडून. या तपासणीला एक्स्प्लोरेटरी लॅपरॉटॉमी म्हणतात.

१९०९ साली बर्लिनमध्ये वॉल्थर काउश यांनी या भागातील गाठ स्वादुपिंडाच्या व लहान आतड्याच्या काही भागासह काढली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला ती आलीच नाही. पोट उघडल्यावर गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली किंवा यकृतात पसरलेली दिसे. मग शल्यचिकित्सक कावीळ उतरावी म्हणून पित्ताला आतड्यात नवी वाट करून देत आणि पोट शिवून टाकत. हाती उरलेल्या मोजक्या महिन्यांपैकी कित्येक आठवडे ती जखम भरण्यातच जात.

१९७० मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल (धाकटे) यांनी तर व्हिपल शस्त्रक्रियेपेक्षा ही बायपासच रुग्णाच्या अधिक हिताची असल्याचे प्रतिपादन केले. मोठ्या शस्त्रक्रियेतच अनेक रुग्ण दगावत असल्याने हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता.

पोट उघडलेच आहे, तर त्याचा लाभ रुग्णाला कसा द्यावा? जॉन्स हॉपकिन्समधील कीथ लिलेमो व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या प्रश्नाचे एक उत्तर मांडले. गाठ काढता न आलेल्या १३७ रुग्णांपैकी काहींच्या वेदनावाहक मज्जातंतूंभोवती त्यांनी शस्त्रक्रियेतच अल्कोहोल टोचले, तर इतरांना केवळ मिठाचे पाणी. अल्कोहोलने वेदना कमी झाल्या. आधीपासून तीव्र वेदना असलेले रुग्ण अधिक काळ जगल्याचेही आढळले. मात्र २००४ मध्ये मेयो क्लिनिकने १०० रुग्णांवर, पोट न उघडता सुईने असेच इंजेक्शन देऊन पाहिले. वेदना कमी झाल्या, आयुष्य वाढले नाही.

दरम्यान सीटी स्कॅनमुळे रक्तवाहिन्यांना वेढणारी गाठ बाहेरूनच दिसू लागली होती. स्कॅनमधून निसटणारे यकृतावरील बारीक ठिपके लहानशा छिद्रातून, लॅपरॉस्कोपीने टिपता येऊ लागले. पित्तनलिकेत दुर्बिणीने स्टेंट बसवून कावीळ उतरवता येऊ लागली. केवळ पाहण्यासाठी पोट उघडण्याची गरज ओसरली.

आयुष्याचे महिने वाढवले ते मुख्यतः औषधांनी. २०११ मध्ये फ्रान्समधील चाचणीत, रोग शरीरात पसरलेल्या ३४२ रुग्णांपैकी चार औषधांचा फॉलफिरिनॉक्स उपचार घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान ११.१ महिने होते. जेमसिटाबिन घेतलेल्यांचे ६.८.

याच औषधांनी शस्त्रक्रियेचा जुना प्रश्न नव्या रूपात परत आणला. रोग दूर पसरलेला नसताना केवळ रक्तवाहिन्यांमुळे ‘काढता न येणारी’ ठरलेली गाठ उपचारानंतर कधी आक्रसते; पण उरलेला भाग जिवंत कर्करोग की नुसता व्रण, हे स्कॅन खात्रीने सांगू शकत नाही. अशा निवडक रुग्णांत शल्यचिकित्सक आजही पोट उघडून पाहतात. पूर्वी ती तपासणी उपचाराच्या आरंभी होई आणि बहुधा तिथेच आशा संपे. आता ती काही महिन्यांच्या औषधोपचारानंतर येते, आणि काहींच्या बाबतीत गाठ खरोखरच निघते.