हित्बोदेदुत

हित्बोदेदुत : ज्यू धर्मातील एकांतसाधनेचा एक प्रकार. यात साधक रोज काही काळ एकटा राहून देवाशी मोकळेपणी बोलतो. एकांतचिंतनाची परंपरा ज्यू धर्मात जुनी आहे. तत्त्वज्ञ मायमोनिदीसचा मुलगा अब्राहम (११८६–१२३७) याने इजिप्तमध्ये तिचा पुरस्कार केला होता. मात्र आज रूढ असलेले तिचे बोलके रूप ब्रेस्लोवचे हसिदी गुरू रब्बी नाखमन (१७७२–१८१०) यांचे आहे.

नाखमन यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील मेजिबोज गावचा. हसिदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव हे त्यांचे पणजोबा. ‘लिकुते मोहरान’ (पहिला भाग, १८०८) या त्यांच्या ग्रंथात आणि शिष्यांनी टिपून ठेवलेल्या संभाषणांत या साधनेचे विवेचन आढळते. वेळ शक्यतो रात्रीची, जग झोपलेले असतानाची; जागा वस्तीबाहेरची किंवा निदान वेगळी खोली; कालावधी साधारण तासाभराचा. दिवसातून तीनदा करायच्या ठरावीक हिब्रू प्रार्थना सुटत नाहीत. त्यांच्या जोडीला हे बोलणे असते. ते घरच्या भाषेत, म्हणजे त्यांच्या अनुयायांच्या बाबतीत यिडिशमध्ये करावे, असा नाखमन यांचा आग्रह होता. माणूस ज्या भाषेत रडतो-भांडतो त्याच भाषेत त्याचे मन उघडते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. नेहमीच्या प्रार्थनांची वाट वाटमाऱ्यांना ठाऊक असते, प्रत्येकाची स्वतःची नवी वाट त्यांना सापडत नाही, असे ते सांगत.

बोलायचे काय, याला बंधन नाही. कर्ज, मुलाचे आजारपण, मनातला मत्सर, देवावरचा रागसुद्धा चालतो. शब्दच फुटत नसतील तर तेच देवाला सांगावे, किंवा ‘रिबोनो शेल ओलाम’ (विश्वाच्या स्वामी) एवढेच म्हणत राहावे. अंतर्मुखता आणि ईश्वरसान्निध्य (देवेकूत) इथे एकाच बोलण्यातून साधते: देवापुढे दिवसाचा हिशेब मांडताना माणसाला आपलेच मन दिसू लागते. पण खिन्नतेला नाखमन यांचा सक्त विरोध होता. हृदय हेलावण्यासाठी तो एक तास राखून ठेवावा आणि उरलेला दिवस आनंदात घालवावा, ही त्यांची शिकवण साधनेइतकीच महत्त्वाची आहे. ती वगळली तर ही साधना स्वतःला कोसत बसण्याची सवय होऊ शकते.

त्यांचे शिष्य नाथान (१७८०–१८४४) यांनी गुरूंच्या प्रवचनांवरून ‘लिकुते तेफिलोत’ हा प्रार्थनासंग्रह रचला. ब्रेस्लोव अनुयायी तो भक्तीने वाचतात, पण तासभराच्या स्वतःच्या बोलण्याऐवजी नव्हे.