कौटुंबिक स्मृती आणि बेने इस्रायली लेखन

रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायली समाजाच्या आरंभकाळाची समकालीन कागदपत्रे उपलब्ध नाहीत. त्यामुळे हा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रथम घराकडेच वळावे लागते. नवगावजवळ जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्याची कथा घराघरांतून चालत आली. शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या प्रथेतून ‘शनिवार तेली’ हे नाव रूढ झाले.

या परंपरेचा आधार घेत हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास पूर्ण केला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ एस्थर’ (२००२) या इंग्रजी कादंबरीत त्यांच्याच घराण्याच्या पिढ्या येतात. कथानकाचा आरंभ कोकणातील दांडा गावी होतो.

दोघांचे साधन एक असले तरी जबाबदारी भिन्न आहे. स्मृतीतील पोकळी कादंबरीकार कल्पनेने भरू शकतो. इतिहासकाराने ती पोकळी म्हणूनच नोंदवावयास हवी. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे पूर्वजांचे गाव सांगतात, काळ सांगत नाहीत. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. आडनावातील गावाशी निगडित आठवणी वेळीच नोंदविल्या नाहीत, तर केवळ आडनावेच उरतील.