म्हाताऱ्या पावसाचे पाणी

आपल्याकडचा शेतकरी पावसालाही वय लावतो. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, आणि पुष्याचा तो म्हातारा. पण हा म्हातारा काठी टेकीत येतो, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. कल्याण-बदलापूरकडच्या अलीकडच्या तीन मोठ्या पुरांच्या तारखा पाहाव्या : २६ जुलै २००५, २७ जुलै २०१९ आणि २२ जुलै २०२१. तिन्ही पुष्य नक्षत्रातल्या ! भाताची लावणी आटोपत आलेली असते, जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते, ओढे काठोकाठ वाहत असतात. अशा वेळी घाटमाथ्यावर एका रात्रीत जो पाऊस कोसळतो, त्याला मुरावयास जागाच उरत नाही. तो जसा पडतो तसा नदीत येतो.

ही नदी म्हणजे उल्हास. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत जन्मून ती कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत उत्तरेस येते, आणि कल्याणपाशी पश्चिमेस वळून वसईच्या खाडीकडे जाते. लांबी सारी १२२ किलोमीटर. गोदावरी-कृष्णेच्या शेजारी उभे केले तर अगदीच पोर ! परंतु सह्याद्रीच्या कड्यावरून उडी घ्यायची आणि लागलीच सपाट भातखाचरांत पाय पसरायचे, अशी तिची चाल आहे. वाटेत तिला बारवी मिळते. पुढे काळू येते, आणि ती येते तीही एकटी नव्हे, भातसेला बरोबर घेऊन. बोरघाट, माळशेज आणि कसारा अशा तीन बाजूंचे पाणी कल्याणच्या परिसरात असे एकत्र जमते. त्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले की खाडी दार लावून घेते. वरून लोंढा, खालून भरती. मग नदीने जावे कोठे? ती शेतात शिरते.

शेतात शिरते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी तिच्यासाठी शेतच ठेवले होते. उल्हास-काळूच्या काठची जुनी गावठाणे पाहिली तर पुष्कळशी टेकाडावर बसलेली दिसतात. खाचरे खाली, घरे वर. आगऱ्यांनी खाडीकाठी बांध घातले, त्यांना उघाड्या ठेवल्या, आणि खाऱ्या जमिनीतही भात पिकवले. भरतीला उघाडी मिटायची, ओहोटीला उघडायची. पाण्याशी भांडण असे नव्हतेच, त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक पाळायचे, एवढेच. पूर आला म्हणजे धान्याच्या कणग्या माळ्यावर चढत आणि गुरांची दावी सोडली जात. दावे सोडण्यात फार मोठे शहाणपण आहे. मोकळे जनावर उंचवटा शोधते, बांधलेले जागीच बुडते. कातकरी-ठाकरांना तर पाणी चढू लागले की वेगळाच उत्साह. पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट चढून खाचरांत येणारे वलगणीचे मासे पकडायला पोरेबाळे कंदील घेऊन निघायची. पूर म्हणजे निव्वळ संकट, ही शहरी माणसाची व्याख्या. गावात त्याला दोन्ही अंगे होती. (अर्थात ज्याचे घर पडले, त्याच्यापुढे माशांचे कौतुक सांगू नये, हेही खरे.)

मग नदीच्या अंगणात पाहुणे येऊ लागले. १ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोहोचली, आणि १८५६ साली खोपोलीपर्यंत गेली. बोरघाट चढायचा तर उल्हासचे खोरे ही सोयीची वाट. तेव्हा रूळ नदीच्या सोबतीनेच टाकले गेले. १९२२ साली भिवपुरीचे वीजघर चालू झाले. त्याने एक मौज केली : घाटावरच्या आंध्रा धरणाचे जे पाणी एरवी इंद्रायणी-भीमेतून पूर्वसमुद्राला जायचे, ते वीज करून उल्हासात सोडले. उन्हाळ्यातही ही नदी वाहती दिसते त्याचे श्रेय बरेचसे त्याला आहे. १९४९ साली कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांचे नगर वसले. त्याला नाव दिले नदीचेच, उल्हासनगर. पुढे बारवीवर धरण झाले, कारखाने आले, डोंबिवली-कल्याणची गावे शहरात विरून गेली. अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० पासून जिच्या काठी उभे आहे, ती वालधुनी नदी आज पुष्कळांना नाला वाटते. भराव घालून सखल जमिनी उंचावल्या. पण जमीन उंचावली म्हणून पाणी कमी होत नाही. ते शेजाऱ्याकडे जाते. आणि हा शेजारी बहुधा खालच्या अंगाचा जुना गाववाला असतो !

२००५ सालच्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. मुंबईची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच दिवशी उल्हासनेही बदलापूर-कल्याणचे तळमजले गिळले, याची आठवण बाहेरच्यांना कमी.

तिला प्रसिद्धी मिळाली ती चौदा वर्षांनी, आणि तीही एका गाडीमुळे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान चामटोलीजवळ अडकली. रूळ पाण्याखाली, चहूकडे समुद्र, डब्यांत हजारावर माणसे. सकाळ झाली तशा होड्या आल्या, नौदल आले, हेलिकॉप्टर आले. दुपारपर्यंत सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. आसपासचे गावकरीही मदतीला धावले. ज्यांना ठाऊक असते की या पाण्याखाली कोठे बांध आहे आणि कोठे ओढ्याची खोली, त्यांच्या नुसत्या उभे राहण्यानेही धीर येतो. कल्याणहून दुसरी गाडी सुटली आणि मंडळी कोल्हापूरकडे रवाना झाली. वर्तमानपत्रांतून गाडीचे चित्र महाराष्ट्रभर गेले. त्याच चित्रात गाडीच्या दोन्ही अंगांना जी पाण्याखालची सपाटी दिसते, ती कोणाची तरी नुकतीच लावलेली भातशेती होती, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल ?

आठच दिवसांनी, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पाण्याने वेढले. लोक छपरांवर चढले, आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ५८ माणसे उचलून आणली. टेकाडाचे गणित चुकले असे नव्हे. पाणीच नेहमीच्या खुणेपलीकडे गेले. २०२१ साली कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायत्याच्या पुलावरून पाणी गेले आणि जोडरस्ता वाहून गेला. पलीकडच्या गावांचा बाजार, दवाखाना, सारेच अडले.

आता नदीकाठच्या नकाशांवर दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची ती लाल. कल्पना चांगली आहे. पण रेषेच्या आत घर बांधू नये, हे सांगताना घर आधीचे की रेषा आधीची, हा प्रश्न उरतोच. रेषेच्या आतले पुष्कळ लोक नदीच्या हक्कावर अतिक्रमण करून आलेले नाहीत. ते तिचे सर्वांत जुने कुळ आहेत. नियम इमारतीलाही एकच आणि गोठ्यालाही एकच, ही समानता मला तरी पटत नाही. भरावाची ट्रक रात्री येते, गोठा दिवसाढवळ्या उभा असतो. पंचनामा कोणाचा सोपा, ते सांगायला नको.

पाणी ओसरते तेव्हा खाचरांवर गाळाची साय पसरलेली असते. रोपे कुजलेली, आवण संपलेले. पुष्य सरत आलेला असतो, नव्याने राबात बी टाकून वाट पाहायला सवड नसते. मग घरातले हळवे बी काढायचे, भिजवायचे, मोड आणायचे आणि चिखलणी करून तेच खाचरात फेकायचे. याला रहू म्हणतात. शेजाऱ्याकडे मूठभर रोपे उरली असतील तर तीही मागून आणायची. तो नाही म्हणत नाही, पुढच्या साली पाळी त्याची असू शकते. पीक थोडे उतरते, पण उतरते. एरवी दसऱ्याला कापायचे हे हळवे भात मग गरव्याच्या बरोबरीने दिवाळीच्या सुमारास हाती येते, आणि त्यातलेच पायलीभर पोह्यांना निघते.