दक्खनी मेंढी आणि वाढीचा लगाम

सोलापूरचे नाव चादरीने दूरवर गेले. पण या जिल्ह्याचे त्याहून जुने पांघरूण म्हणजे घोंगडी. ती सांगोला-मंगळवेढ्याच्या माळांवर चरणाऱ्या काळ्या दक्खनी मेंढीच्या लोकरीची. या मेंढीच्या आपल्याकडील वाणास जाणकार 'सोलापुरी' म्हणतात. लोणंदी, संगमनेरी व कोल्हापुरी ही त्याची भावंडे. हे वाण घडविले धनगरांनी. कोणता मेंढा कळपात राखावयाचा व कोणता विकावयाचा, हा निर्णय ते पिढ्यान् पिढ्या करीत आले. त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. ती मेंढीच्या रक्तात आहे.

ही नोंद वाचण्याची विद्या अलीकडची. 1997 साली मॅकफेरॉन व ली या संशोधकांनी उंदरांतील मायोस्टॅटिन या घटकाचा शोध प्रसिद्ध केला. स्नायूंच्या वाढीस लगाम घालणे, हे त्याचे काम. ज्या उंदरांत त्याचे जनुक निकामी केले, त्यांचे स्नायू दुप्पट-तिप्पट वाढले. पुढे 2006 साली हॉलंडच्या टेक्सेल मेंढीतही याच जनुकात एका अक्षराचा फरक आढळला. त्यामुळे तिचा लगाम ढिला पडतो व अंग मांसाने भरते.

मग असा मेंढा आणून आपल्या कळपात सोडावा काय? येथे आम्हांस थांबावेसे वाटते. लगाम ढिला करून भागत नाही. वाढत्या अंगास चारा लागतो. टेक्सेल हिरव्या कुरणांची. आमची मेंढी उन्हाळ्यात काटेरी झुडपांवर व वाळल्या पाल्यावर जगते आणि चाऱ्यासाठी कोसच्या कोस चालते. तिचा लहान बांधा हा दोष नव्हे, दुष्काळाशी केलेला करार आहे. पूर्वी लोकरीसाठी मेरिनो व राम्बुइये जातींशी संकर झाले. पण त्यांची मऊ, पांढरी लोकर घोंगडी विणणाऱ्यास काय कामाची?

आज काळ्या लोकरीस भाव उरला नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही. धनगराचा संसार मांसावर चालतो, म्हणून जत तालुक्यातील थोराड माडग्याळी मेंढ्याकडे त्याचा ओढा आहे. त्यास आम्ही दोष देत नाही. मात्र दुसरीही वाट आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातील चिमुकल्या गारोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक दक्खनीत उतरविले व 'नारी सुवर्णा' निपजविली. कोकरू थोराड करण्याऐवजी कोकरे वाढविली, आणि दक्खनीचा काटकपणा राखला.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. सुधारणा करावी, पण मूळ वाण हाती ठेवून. सोलापुरी मेंढीचे काही कळप तरी शुद्ध राखावेत, त्यांची वजने व वंशावळ लिहून ठेवावी. एक जनुक बाहेरून आणता येते; शेकडो दुष्काळांनी निवडलेला वाण एकदा गेला, की तो पुन्हा घडविण्यास तितकेच दुष्काळ लागतील.