मसुदा, दौत आणि प्रिंटरची शाई

कलम, कागद, दौत, दप्तर : मराठी कचेरीची ही सगळी सामग्री अरबी-फारसी शब्दांत मांडलेली आहे. 'शाई' म्हणजे फारसी 'सियाही', अर्थात काळेपणा. 'मसुदा' अरबी 'मुसव्वदा'वरून आला. त्याचा मूळ अर्थ काळी केलेली, म्हणजे खाडाखोडीची प्रत. स्वच्छ उतरवलेल्या प्रतीला अरबीत 'मुबय्यदा' म्हणतात, पांढरी केलेली. कच्चे आणि पक्के हा भेद लेखनाच्या जगात इतका जुना आहे.

शाई त्या काळी घरी बने. दिव्याची काजळी आणि डिंक तासन्‌तास घोटावे लागत. दुसरा प्रकार हिरड्यासारख्या तुरट फळांच्या काढ्यात हिराकस घालून होई. हिरडा आणि बेहडा आजही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आहेत. एवढ्या कष्टाची वस्तू कोण उधळील? इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत (१५५७) दिव्यांची काजळी एका दालनात जमेल अशी हवेची रचना होती. त्या काजळीची शाई होई. कातिब दौतीत रेशमाचा बोळा ठेवत. त्याला अरबीत 'लीका' म्हणतात. त्यामुळे कलमाला बेताचीच शाई लागे आणि दौत कलंडली तरी ती सांडत नसे. काजळीची शाई वाळली, तर पाणी घालून पुन्हा चाले. मुख्य म्हणजे, किती उरली ते डोळ्यांना दिसे.

कागदाचा इतिहास तर याच मुलखातला. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याला इथल्या बांबूने पोसले. शाई मात्र हळूहळू नजरेआड गेली. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये आला आणि शाई बंद कार्ट्रिजमध्ये शिरली. पुढे अनेक प्रिंटर किती थेंब सोडले याचा हिशेब ठेवून उरलेल्या शाईचा अंदाज सांगू लागले. 'शाई संपत आली' ही सूचना बहुधा असा अंदाज असतो. ती दिसताच कार्ट्रिज फेकण्याची घाई नको, अक्षर फिके पडेपर्यंत थांबता येते. २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात भरता येणाऱ्या टाकीचा प्रिंटर आणला. पारदर्शक टाकीमुळे शाई पुन्हा दिसू लागली. इथे नियम उलटा : पातळी खालच्या रेषेखाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर नळीत हवा शिरते.

शाई वाचवण्याचे उपाय साधे आहेत. वाचून दुरुस्त करायची प्रत 'ड्राफ्ट'वर आणि काळ्या रंगातच काढावी. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे हेडवर झाकण बसते आणि शाई वाळत नाही. आठवड्यातून एखादे पान छापावे. हेडच्या सफाईत बरीच शाई वाया जाते, म्हणून ती अक्षरे तुटत असतील तरच करावी.

पण काटकसरीलाही हद्द असते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने असे दावे ग्रामसभेकडून सुरू होतात आणि अर्ज, ठराव, नकाशा, पुरावे असे कागद उपविभाग व जिल्हा समितीपर्यंत जातात. या कागदावर एखादा गट क्रमांक पुसट उमटला, तर वाचवलेली शाई महागात पडते. शिवाय इंकजेटची साधी रंगद्रावण शाई पावसाच्या थेंबाने पसरते आणि उन्हात फिकी होते. काजळीची शाई निदान उन्हाला दाद देत नसे. म्हणून जपायची प्रत पिगमेंट शाईत किंवा लेझर प्रिंटरवर, पूर्ण गडद काढावी.

मसुद्यावर शाई राखावी ती पक्क्या प्रतीसाठी. ज्याच्या हातात जमिनीचा एकच कागद आहे, त्याच्या कागदावर अक्षर ठसठशीतच हवे.